इंटर्नशिप संपली, आता पेशंट माझा: नव्या फिजिओथेरपिस्टकडून वारंवार येणारे प्रश्न

जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात मी बरीच वर्षं फिजिओथेरपीच्या इंटर्नना वॉर्डात आणि ओपीडीत शिकवते आहे. इंटर्नशिपचा शेवटचा महिना आला की फोनवर तेच प्रश्न येऊ लागतात, बहुतेक रात्री दहानंतर. मुलं-मुली वेगळी असतात, काळजी तीच असते. त्यातले सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. चार वर्षं शिकलो, इंटर्नशिपही संपत आली, तरी तयार असल्यासारखं वाटत नाही. माझंच काही चुकतंय का?

नाही. परीक्षेतली केस आठवा. पेशंट परीक्षकांनी निवडलेला, निदान आधीच झालेलं आणि वेळ राखून ठेवलेला. प्रश्नही असे, की त्यांची उत्तरं कुठल्या तरी प्रकरणात सापडतात. ओपीडीत यातलं काहीच नसतं. बाई खांदा दुखतो म्हणून येतात. बोलता बोलता कळतं की साखर दहा वर्षांपासून आहे, रात्री झोप नाही आणि घरी सासूबाईंना उचलून बसवायचं कामही यांच्याकडेच आहे. यातलं आधी काय धरायचं हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) कुणी विचारत नाही, म्हणून त्याचा सरावही होत नाही. ज्ञान असूनही हात अडखळतो तो इथे. हा अडखळा बहुतेकांना येतो. मी तो आलेली मुलं पुढे उत्तम काम करताना पाहिली आहेत.

२. मग तयारी झाली की नाही हे ओळखायचं कसं?

‘मी तयार आहे का?’ हा प्रश्न इतका मोठा आहे, की त्याला खरं उत्तर मिळूच शकत नाही. तो लहान करा. गुडघ्याचा सांधा बदललेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करणं मला एकटीला जमेल का? पक्षाघाताच्या पेशंटला कॉटच्या कडेला बसवताना त्याचा लुळा हात कुठे धरायचा (आणि तो का ओढायचा नाही) हे माहीत आहे का? सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम) असलेल्या मुलाच्या आईला घरचे व्यायाम करून दाखवता येतील का?

प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक उत्तर लिहा: एकटीने करते, कुणी शेजारी उभं असेल तर करते, अजून फक्त पाहिलं आहे. इंटर्नशिपच्या सुरुवातीला आणि शेवटी हा कागद भरला, तर तुमची तयारी नेमकी कुठे कमी आहे ते दिसतं. बहुतेकांचा कागद असा निघतो: हाडांचे-सांध्यांचे पेशंट बऱ्यापैकी जमतात, लहान मुलं आणि आयसीयू फक्त पाहिलेलं असतं. मग उरलेल्या दिवसांत कुठली पोस्टिंग मागून घ्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

हा कागद वरिष्ठांकडूनही भरून घ्या. आपल्याला वाटणारी तयारी आणि दुसऱ्याला दिसणारी तयारी यांत फरक निघतो, आणि तो दोन्ही बाजूंनी निघतो (प्रश्न १३ पाहा).

३. कागदोपत्री मी ‘तयार’ कधी?

महाराष्ट्रात आजवरचा बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आहे, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची आणि इंटर्नशिप वर्षभराची धरली आहे. पदवी हातात आली म्हणून लगेच प्रॅक्टिस सुरू करता येत नाही. राज्यात २००२ च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने देशभरासाठी एकच चौकट आणली आहे, त्यामुळे अर्ज करताना परिषदेची ताजी सूचना वाचा.

‘नोंदणी होईपर्यंत नुसतं बसायला ये, पेशंट बघत जा’ असं सांगणारे क्लिनिकवाले भेटतात. जाऊ नका. उद्या काही झालं तर कागदावर तुम्ही कुणीच नसता.

४. आमच्या कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटच कमी होते. त्याची भरपाई कशी करू?

ही तक्रार रास्त आहे आणि हा दोष विद्यार्थ्याचा नाही. आपल्या देशात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं तेच पेशंटच्या गर्दीतून. पोलिओच्या साथीनंतर १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात पहिलं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजायला त्या पिढीने किती पाय हातात घेतले असतील! भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. आज वॉर्डात बदललेले गुडघे, पक्षाघात, अपघात आणि मधुमेहामुळे आखडलेले खांदे दिसतात. शेवटी हातांखालून जे गेलं त्याचीच तयारी होते.

तेव्हा हात वाढवा. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात निरीक्षक म्हणून काही आठवडे उभं राहू द्या, अशी विनंती लेखी करा. नाही म्हणतील, पुन्हा करा. पहिली नोकरी निवडताना पगाराआधी एक गोष्ट विचारा: माझ्याबरोबर अनुभवी फिजिओ असेल का? आणि घरातल्या, शेजारच्या निरोगी माणसांवर तपासणीचा सराव करत राहा. निरोगी खांदा शंभर वेळा हातात घेतला असेल तर आखडलेला खांदा लगेच वेगळा लागतो. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) घरी पडू देऊ नका.

५. शिकलो सगळं इंग्रजीत, पेशंट बोलतो मराठीत. हिस्टरी घेताना गडबड होते. काय करू?

मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि अभ्यासक्रमात त्याला जवळजवळ जागा नाही.

पेशंटला ‘पेन कसं आहे, शार्प की डल?’ असं विचारलं की तो गोंधळून ‘दुखतंय हो’ म्हणतो. त्यालाच मोकळं बोलू द्या. ‘ठणका लागतो’ म्हणजे आत काही सुजलं आहे का, रात्री वाढतं का, ते बघायचं. ‘कमरेतून कळ निघते ती पोटरीपर्यंत जाते’ या एका वाक्यात दुखण्याचा अख्खा रस्ता सांगून झालेला असतो. ‘मुंग्या येतात’, ‘पाय बधिर पडतो’, ‘चप्पल पायातून निसटते, कळतच नाही’ ही नसांची भाषा आहे. त्यातलं चपलेचं वाक्य ऐकलं की संवेदना तपासल्याशिवाय त्या माणसाला उठू द्यायचं नाही. ‘उसण भरली’, ‘चमक निघाली’, ‘गोळा आला’, ‘सांधा धरला’, ‘आखडलंय’ या प्रत्येक शब्दाची छटा वेगळी आहे. हे शब्द कानावर पडले तसेच नोंदवहीत लिहा, भाषांतर नंतर करा.

‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात हे शहरात वाढलेल्या इंटर्नला कधी कधी माहीतच नसतं. माझ्या एका विद्यार्थिनीने ते ऐकून पेशंटला सर्दी-खोकल्याबद्दल विचारलं होतं. मुलगी हुशार होती, पण हा शब्द तिला कुणी शिकवलाच नव्हता. खुबा, माकडहाड, गुडघ्याची वाटी, पोटरी, टाच हे शब्द बिनचूक यायला हवेत. ‘हिप’ म्हटलं तर निम्मे पेशंट नितंबावर हात ठेवतात.

समजावून सांगताना दुसरी अडचण येते. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ असं पेशंट ऐकून आलेला असतो, आणि वाकलो तर मणका निखळेल या भीतीने महिनोन् महिने वाकतच नाही. त्याला खोटं पाडू नका. ‘एक्स-रेत जे दिसतंय ते तुमच्या वयाच्या पुष्कळ न दुखणाऱ्या लोकांतही दिसतं. चालल्याने सांधा झिजत नाही, बळकट होतो,’ असं सांगा आणि तिथल्या तिथे दोन पावलं चालवून दाखवा.

शेवटी एकच विचारा: ‘तुम्हाला काय करता येत नाहीये?’ उत्तर येतं: मांडी घालता येत नाही, संडासला खाली बसता येत नाही, भाकरी थापता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. तेच तुमचं उद्दिष्ट. गुडघा किती अंश वाकला हा आकडा त्याच्यानंतर येतो.

६. कोणत्या पेशंटला व्यायाम न देता थेट डॉक्टरांकडे पाठवायचं?

कंबरदुखीबरोबर बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं असेल तर तो पेशंट त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात गेला पाहिजे. उद्यावर टाकायचं नाही, कारण दबलेल्या नसा वाट बघत नाहीत.

पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, घटलेलं वजन, पडून राहिल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग मनात आलाच पाहिजे, आणि पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर त्याचं पसरणंही. अशा पाठीवर हाताने जोर देऊन काहीही करायचं नाही.

शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते. घरचे म्हणतात ‘जरा चोळून द्या’. चोळायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्यातच अचानक धाप लागली तर ती आणीबाणी आहे.

डावा खांदा जिना चढताना दुखतो, थांबलं की राहतो, घाम येतो. या खांद्याला आधी ईसीजी लागतो. अशा पेशंटला आपल्याकडे चालत येण्याचीही घाई करायला नको होती.

आणि मधुमेहाच्या पायावर शेक देण्याआधी गरम-गार कळतं का ते तपासा. भाजलेलं त्याला कळत नाही, तुम्हाला दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. पेसमेकर असलेल्याला शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी खोलवर शेक देणारं मशीन) नाही, हेही इथेच सांगते.

यातलं काहीही दिसलं आणि पेशंट नंतर ठणठणीत निघाला, तरी तुम्ही पाठवलं ते बरोबरच होतं.

७. आयसीयूत पाऊल टाकायलाच भीती वाटते. तिथे आपण करायचं काय?

भीती असू द्या, तिच्यामुळे माणूस नळ्या मोजतो. पेशंटला हात लावण्याआधी सिस्टरांना आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारा: आज याला किती हलवायचं, आणि मॉनिटरवर काय दिसलं तर थांबायचं? प्रत्येक पेशंटची मर्यादा वेगळी असते आणि ती सकाळ-संध्याकाळ बदलते. कूस बदलण्याआधी कुठली नळी कुठून येते ते बोटाने मागोवा घेऊन पाहा. पहिले काही दिवस एकट्याने जाऊ नका. आयसीयूतल्या सिस्टर उत्तम शिक्षिका असतात, त्यांच्याकडून शिकायला लाजू नका.

८. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘आयएफटी, १० दिवस’ एवढंच असतं. (आयएफटी म्हणजे दुखण्यावर करंट देणारं मशीन.) मला ते पुरेसं वाटत नाही. बोलू का?

बोला, पण आधी तपासा. ‘सर, मला नाही पटत’ हे बोलणं नव्हे. ‘सर, पाय सरळ उचलताना तीस अंशांवर कळ पोटरीत जाते, पायाचा अंगठा वर उचलायची ताकद पाचपैकी तीन आहे. मशीनबरोबर व्यायाम सुरू करते आणि ताकद आणखी घटली तर तुम्हाला लगेच कळवते’ हे बोलणं. दोन ओळी लिहून पाठवल्यात तर आणखी चांगलं. बहुतेक डॉक्टर अशा नोंदीचा मान ठेवतात. जे ठेवत नाहीत, त्यांच्याही पेशंटची तपासणी तुमच्या वहीत तारखेसह असायला हवी.

९. पेशंट म्हणतात, ‘व्यायाम नको, नुसती मशीन लावा.’

शेक आणि करंट याने बरं वाटतं हे खरं आहे, ते नाकारू नका. मशीन चालू असतानाच एक व्यायाम शिकवा. पाच नको, एकच. दुसऱ्या दिवशी तो करून दाखवायला सांगा. तो ज्या पद्धतीने करून दाखवतात, त्यावरून घरी केला की नाही ते कळतं.

१०. पहिल्या नोकरीत दिवसाला पंचवीस पेशंट देतात. कुणालाच नीट बघता येत नाही.

पंचवीस पेशंट आणि आठ तास, हिशेब तुम्हीच करा. नवख्या माणसाला विचार करायला वेळ लागतो, आणि तो वेळच काढून घेतला तर त्याला फक्त मशीनची बटणं दाबायची सवय लागते. दोन वर्षांनी तुमच्याकडे दोन वर्षांचा अनुभव नसतो, एकाच दिवसाचा अनुभव शेकडो वेळा झालेला असतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यात चांगली मुलं हा व्यवसायच सोडून देतात.

नव्या पेशंटसाठी पूर्ण अर्धा तास आणि जुन्यांसाठी कमी वेळ, अशी मागणी करून पाहा. सगळ्यांचं सविस्तर लिहिता येत नसेल तर रोज दोन पेशंट निवडा आणि त्यांचं नीट लिहा: ते काय म्हणाले, तुम्हाला काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, आता काय करणार. मालकाने ऐकलंच नाही तर दुसरी जागा शोधा. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल.

११. होम व्हिजिटला एकटी जाऊ का? आणि पुरुष पेशंट असेल तर?

पहिली भेट ओळखीच्या डॉक्टरांमार्फत आलेली असावी, पत्ता आणि वेळ घरी कळवलेली असावी, घरात पेशंटशिवाय आणखी कुणी असावं. हे नसेल तर नकार द्या. कारण द्यायची गरज नाही.

स्पर्श हे आपलं कामच आहे, म्हणून तो आधी सांगून करायचा: ‘आता मी मांडीच्या आतल्या बाजूला हात ठेवणार आहे, चालेल ना?’ हे मुलग्यांनाही तितकंच लागू आहे. बाई पेशंट असेल तर नातेवाईक किंवा सिस्टर खोलीत असू द्या. पदर, साडी, दार-पडदा यांचं भान ठेवणारा फिजिओ गावात लवकर विश्वासाचा होतो. आणि कुणी हद्द ओलांडली तर उपचार तिथेच थांबवून बाहेर पडा. पेशंट अर्धवट सोडला असं तुम्हाला कुणी म्हणणार नाही. म्हटलंच तर म्हणू द्या.

१२. माझ्या हातून चूक झाली तर?

माझ्या हातून झाली होती. नोकरीच्या पहिल्या महिन्यात खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांना मी बीपी न बघता उभं केलं. पाच दिवस ते आडवेच होते. अर्ध्या मिनिटात चेहरा पांढरा पडला आणि ते माझ्या अंगावर कलले. वॉर्डातले मामा (मदतनीस) धावून आले म्हणून आम्ही दोघांनी त्यांना खाली बसवलं. इजा झाली नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी वीस किंवा त्याहून जास्त उतरलं तर सावध व्हायचं, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

चूक झाली की क्रम असा: आधी पेशंटला सुरक्षित करा, मग डॉक्टरांना कळवा, नातेवाइकांना खरं सांगा, आणि त्याच दिवशी वेळेसह नोंद करा. नंतर मजकूर बदलू नका. चूक एखाद्या वरिष्ठाला मोकळेपणाने सांगा. त्या दिवशी मी ज्या मॅडमना सांगितलं, त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच आजोबांना उभं करायला त्यांनी मलाच नेलं, बीपीच्या यंत्रासकट.

१३. मला तर पूर्ण तयार वाटतं. मग हे सगळं वाचू कशाला?

खरंच तयार असाल, तर आनंद आहे. फक्त एक करून पाहा. गेल्या महिन्यातले असे तीन पेशंट आठवा ज्यांना तुमच्या उपचाराने फरक पडला नाही. आठवत असतील आणि कारणंही सुचत असतील तर ठीक. एकही आठवत नसेल तर बहुधा तुम्ही मोजत नाही आहात. वेदना दहापैकी किती, बर्ग बॅलन्स (तोल तपासायची चाचणी) छप्पनपैकी किती, सहा मिनिटांत किती मीटर चालणं, यातलं एक काहीतरी पहिल्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी लिहा. मग वाटण्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

१४. तयारी कमी वाटते म्हणून लगेच एमपीटीएच (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) करू का?

एखाद्या शाखेची ओढ आहे म्हणून करा. भीतीपासून पळायला करू नका, ती दोन वर्षांनी तिथेच उभी असते. वर्षभर काम करून गेलेल्यांना विषय निवडताना कमी पस्तावताना मी पाहिलं आहे. घरच्या परिस्थितीमुळे आत्ताच करावं लागत असेल, तर तेही चुकीचं नाही.

१५. परदेशात नव्या फिजिओला इतकं एकटं सोडतात का?

ब्रिटनमध्ये नवा फिजिओ एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) सहसा ‘बँड ५’ या सुरुवातीच्या श्रेणीवर लागतो आणि काही महिन्यांनी विभाग बदलत वरिष्ठांच्या देखरेखीखाली फिरतो. म्हणजे पदवीनंतरही शिकणं नोकरीतच धरलेलं असतं. तिथे जायचं तर एचसीपीसीची (तिथल्या आरोग्य व्यावसायिकांची नियामक संस्था) नोंदणी लागते. त्यासाठी तुम्ही काय शिकलात आणि किती तास पेशंटबरोबर काम केलंत याचे तपशील द्यावे लागतात, म्हणून इंटर्नशिपचं लॉगबुक सही-शिक्क्यासह जपून ठेवा. जायचं नसेल तरीही ठेवा.

ती फिरती पद्धत आपल्या गावात आपणही थोडीफार उभी करू शकतो. तीन-चार बॅचमेटनी महिन्यातून एक रविवार भेटून प्रत्येकी एक अडलेली केस मांडायची, पेशंटचं नाव न घेता. आमच्याकडच्या एका बॅचचं हे अजून चालू आहे.

१६. काम सुरू होऊन काही महिने झाले, तरी रात्री झोप लागत नाही. सारखं वाटतं, आपण कुणाचं तरी नुकसान केलं.

प्रश्न १ मधला अडखळा हळूहळू कमी होतो. हे कमी होत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, कामावर जाताना रडू येत असेल, तर ते नवखेपणाच्या नावावर ढकलू नका. घरात कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. आणि तुमच्याकडे आलेला एखादा ज्युनिअर असं बोलला तर ‘सगळ्यांना होतं’ म्हणून विषय संपवू नका. चहाला घेऊन जा आणि कुठल्या पेशंटमुळे झोप उडाली ते नाव घेऊन विचारा. बहुतेक वेळा एकच पेशंट असतो. त्याला पुन्हा दोघांनी मिळून तपासा.